आमच्या जाऊबाई कॉलेजात गेल्या

—नाय येत आता तनुजा. किती येळा सांगू, मॅडम? पार्लर माझं, बोर्डावर नाव माझं — सत्यभामा ब्युटी पार्लर — अन् येणारी प्रत्येक बाई दारातूनच मान आत घालून इचारती, तनुजा कुठंय? कॉलेजात गेली तनुजा! बसा. टेका मान मागं. हां, डोळा मिटा, भुवईचं कातडं दोन बोटांनी ताणून धरा — अन् बोलू नका, हललं की लागतं. तुम्हाला माहीतच नाय वाटतं? साऱ्या चिकलठाण्याला माहीत हाय. माझी धाकटी जाऊ ती, पुंडलिक भावजींची बायको. ते वर राहतात, मी खाली. दहावी झाली की लग्न झालं, तवापासून माझ्या हाताखाली. दोरा कसा धरायचा ते मी शिकवलं तिला, मी! अन् आता बायका म्हणतात, तिचा हात हलका. हलका! हात हलका असला म्हणून काय झालं, डोकं ठिकाणावर पाहिजे का नको?

कसं झालं, सांगते. माझा ऋतुराज दहावी झाला. त्याचं ॲडमिशन करायचं, सगळं ऑनलाईन, मला काय जमत नाय आसं नाय, मला येळ नव्हता — म्हणून हिला सोबत नेलं. जालना रोडचं कॉलेज, इमारत ही एवढी अन् पोरं मोजकी. फॉर्म भरता भरता तिथली बाई हिला म्हणली, तुमचं शिक्षण किती? ही म्हणली, दहावी. ती म्हणली, मग तुम्ही बी घ्या की ॲडमिशन, जागा रिकाम्याच हायेत. आता कुणी आसं म्हणलं तर शहाणी बाई काय करील? हसंल अन् घरी येईल. ही हसली नाय. मला तवाच कळायला पाहिजे होतं! पुढच्या आठवड्यात भावजींना घेऊन गेली, एवढ्या वर्षांच्या गॅपचं प्रतिज्ञापत्र करून आणलं अन् नाव घालून मोकळी. अकरावी कॉमर्स. माझ्या पोराच्याच वर्गात! काकू अन् पुतण्या एका वर्गात, ऐकलंय कुठं? मी भावजींना म्हणलं, बायकोला आवरा. तर ते म्हणले, वहिनी, शिकली तर काय वाईट हाय? बैलोबा मेला. बायकोनं मान हलवायला सांगितली की हलवायची.

अन् विषय कोणता घेतला? आयटी! मराठीच्या जागी आयटी घेता येतंय म्हणं. मी म्हणलं, मराठी घे बाई, घरी बोलतोच की दिवसभर, आयतीच पास होशील. नाय. आयटीच पाहिजे. काय शिकवतात त्यात, इचारा — नका इचारू, हलू नका! वेबसाईटचं पान लिहायचं, त्याला दोन टोकदार कंस असतात. त्यात एक अक्षर लिहायचं, की पुढचं सगळं ठळक होतं. मग परत कंस, त्यात तिरपी रेघ, की ते बंद होतं. उघडलं ते बंद करायचं, आतलं आधी, बाहेरचं नंतर, नायतर सगळं पान बिघडतं. एवढंच! ह्याला दोन वर्षं लागतात? मला इथं उभ्या उभ्या कळालं, तिची बडबड ऐकून. मेंदी काढता काढता पुटपुटायची — हेड उघडलं, टायटल उघडलं, टायटल बंद, हेड बंद. एक पोरगी घाबरूनच गेली, म्हणली, ह्या बाई मंतर मारायल्या का काय.

माझं पोरगं तर बेजार. वर्गातली पोरं हिला काकू काकू म्हणायची, तर ह्यानं सांगून टाकलं, आमच्या गल्लीतली हाय कुणीतरी बाई. एका घरातून निघायचे दोघं, पण ही पुढं रिक्षानं, तो मागून सायकलवर. मला म्हणला, मम्मी, तिला थांबव ना, मला लई लाज वाटती. आता लेकरू आसं म्हणल्यावर आईच्या काळजाला काय होत असंल? म्हणून मी जे केलं ते — तुम्हीच सांगा, काय चुकलं माझं?

म्हणजे ते लग्न हो. बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा, अन् त्याच दिवशी नवरीची ऑर्डर. मी घेतली, व्हय. मला काय माहीत त्या दिवशी हिची परीक्षा — म्हणजे, सांगितलं होतं तिनं. भिंतीवरच्या कॅलेंडरला खूण बी केली होती. पण मुहूर्त काय मी काढला होता? ती म्हणली, ताई, मी लवकर येते, नवरी करून देते अन् जाते. आली, उजाडायच्या आत आली. नवरी केली — खोटं कामून बोलू, लई गोड केली. मग मी म्हणलं, करवलीचं बी कर. केलं. मग नवरीची आत्या बसवली. मग मावशी. मावशीचं हॉलवर जाऊन बी झालं असतं, घाई नव्हती काही — पण बसवली मी. हिनं तिच्या तोंडाला अर्धी पावडर लावली अन् ब्रश ठेवून दिला. म्हणली, ताई, मी चालले. इचारलं नाय बघा. सांगितलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाहुण्या बायकांपुढं माझी काय इज्जत ऱ्हायली? मी म्हणलं, आता गेलीस तर पुन्हा हा उंबरा चढायचा नाय. ती गेली.

दुसरी भुवई. धरा ताणून. पुढचं मला आमरीन मॅडमनी सांगितलं. ती आयटीची मॅडम, तनुजाहून बी लहान पोरगी, ह्याच खुर्चीत बसली होती. ही पोचली तवा परीक्षा सुरू झालेली, एक बी कंप्यूटर रिकामा नाय. दोन तर बंदच पडलेले, दुरुस्तीचं नाव नाय, असलं ते कॉलेज! बाहेरून आलेले परीक्षक सर म्हणले, बाई, उशीर झाला, तुमची गैरहजेरी लागली. ही दारात उभी, हाताला पावडर, पदराला पिना तशाच. रडली बी नाय म्हणं. अन् आमचं ध्यान उठलं! ऋतुराज! म्हणला, सर, माझी काकू हाय ती. सख्खी काकू. तिला माझ्या जागेवर बसवा, मी थांबतो. सर म्हणले, तुझे मार्क जातील. म्हणला, जाऊ द्या. साऱ्या वर्गापुढं! दोन वर्षं गल्लीतली बाई, अन् त्या दिवशी एकदम सख्खी. ती उठल्यावर उरल्या येळात ह्यानं काय बडवायचं ते बडवलं, अर्धंच झालं. गाढव. अन् ती आमरीन मॅडम मला म्हणती कशी, असे संस्कार आईचेच असतात. माझ्या हातातला दोरा तुटला, मॅडम. दुसरा घ्यावा लागला.

ती चांगल्या मार्कांनी पास झाली, हा कसाबसा. आता बीकॉम करती ती, अन् दुपारी एका ट्रॅव्हल्सवाल्याकडं बसती. वेरूळ, फर्दापूरला लेण्या बघायला टुरिस्ट न्यायच्या गाड्या, त्यांची वेबसाईट हिनंच बनवली म्हणं. बघितली मी. बरीय. रंग भडक हाय. अन् माझं पोरगं दिवसभर वर. जेवण वर, अभ्यास वर, खाली येतं ते झोपायला. मी इचारलं, माझ्यासाठी उठला होतास का रे कधी जागेवरून? तर म्हणतो, मम्मी, तिला उशीर कुणी केला? — त्याला कुणी सांगितलं? तिनं नाय सांगितलं, ती कुणालाच काही सांगत नाय. तेच तर डोक्यात जातं माझ्या! भांडावं की बाईनं, चार शब्द सुनवावेत. उंबरा चढू नको म्हणलं, तर चढलीच नाय. रागात बोलतं माणूस, ते काय धरून बसायचं असतं?

झालं, बघा आरशात. सारख्याच हायेत. डावी जरा बारीक आली, तुम्ही हललात. काय? घरी करती का ती? नाय करत. कुणाच्याच नाय करत, सोडला दोरा तिनं.

आता माझ्याकडं काय बघताय? ह्या भुवया? ह्या माझ्या मीच केल्यात, आरशात बघून. हसता कामून? येतात की आपल्या आपण करता — एवढ्या नीट नाय येत, खरंय. सोमवारी पार्लर बंद असतं. मी जाते वर. ती दोरा दातात धरती, माझ्यासारखा गळ्यात नाय अडकवत, म्हणून तिला बोलता येत नाय. अन् मी डोळे मिटून कातडं ताणून धरलेलं, मला बी हलता येत नाय. तेवढा येळ ती माझ्याजवळ —

ती कपाळावरची पावडर पुसा अन् निघा तुम्ही. दार ओढून घ्या जाताना, रोडची धूळ येती.