दुसरा निबंध

मंडळी, जरा सरसावून बसा. आज तुम्हाला एकच प्रश्न विचारायचाय, आणि तो सरळ घरात घुसणारा आहे. वाईट गोष्ट सोडा म्हणून सगळेच सांगतात. तंबाखू सोडा, चहाडी सोडा, आळस सोडा — ठीक आहे. पण चांगली गोष्ट? मनापासून आवडणारी, हातात रंगलेली, देवानं जणू आपल्यासाठीच दिलेली गोष्ट — ती वेळ झाली म्हणून अर्ध्यावर सोडावी का? हा त्याग, की हा तोटा?

बोला. नाही ना बोलत? मलाही पूर्वी बोलता येत नव्हतं. मग मला वैजयंताची गोष्ट कळली. पुराणातली नाही बरं का, आपल्याच काळातली आहे. ऐका.

परभणीकडचं एक तालुक्याचं गाव. तिथल्या बसस्थानकावर मुंजाजी गव्हाणे नावाचे वाहतूक नियंत्रक होते. नियंत्रक म्हणजे — ते नाही का, खिडकीत बसून भोंग्यावर सांगतात, अमुक गाडी अमुक फलाटावर लागलीय — ते. बायको अर्धांगवायूनं चार वर्षं अंथरुणाला होती. घरात एकच लेक, वैजयंता. तिनं आईचं सगळं केलं. कूस बदलणं, भरवणं, वेणी घालणं. आणि आईच्या उशाशी बसून अभ्यास केला. आई गेली, त्यानंतर दोन वर्षांनी ही पोर दिल्लीच्या मोठ्या परीक्षेच्या मुख्य फेरीपर्यंत पोचली. कलेक्टर होतात ना, ती परीक्षा.

आता त्या परीक्षेत एक पेपर असतो निबंधाचा. तीन तास, दोन निबंध. दोन्हींना सारखे गुण, सव्वाशे-सव्वाशे. सोपं वाटतं? वैजयंतालाही वाटलं. तिचा हात लिहिता होता हो. शाळेपासून निबंधात पहिली. पेपर उघडला, पहिला विषय नद्यांवरचा. ही गोदाकाठची पोर! सुटली ती. पानामागून पान. एक वाक्य लिहिलं की त्याहून बरं दुसरं सुचतंय. मान वर करून बघते तर दोन तास पंधरा मिनिटं गेलेली.

उरली पंचेचाळीस मिनिटं. दुसऱ्या निबंधाला. विषय अजून निवडलेलासुद्धा नाही. अक्षर वाकडं, एक मुद्दा तीनदा आला, आणि शेवट व्हायच्या आत पर्यवेक्षकानं वही ओढली.

निकाल? निबंधात अडीचशेपैकी सत्त्याऐंशी. एकोणीस गुणांनी नाव गेलं.

हसू नका. आम्ही कीर्तनकार काय वेगळे आहोत? पूर्वरंगात दोन तास वेदान्त दळतो, मग आख्यानाला उरतात वीस मिनिटं. रामाचं लग्न आणि रावणाचा वध एका दमात. तिकडं मंडळींचं लक्ष पंगतीकडं, इकडं बुवा लंकेत.

असो. ती घरी आली. आठ दिवस खोलीबाहेर नाही. वयाच्या हिशेबानं आता एकच संधी शिल्लक. नवव्या दिवशी मुंजाजी दारात उभे राहिले. तोवर ते निवृत्त झाले होते. म्हणाले, "वैजू, तुझा अभ्यास मला काही समजत नाही. पण वेळ समजते. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा, ओसरीवर बस. दोन निबंध लिही. घड्याळ माझ्याकडं."

पहिला रविवार. ती लिहायला लागली. मुंजाजी म्हणाले, "थांब. आधी दहा-पंधरा मिनिटं नुसता विचार कर. कुठून निघायचं, कुठं कुठं थांबायचं, कुठं पोचायचं — मागच्या पानावर मांड."

"बाबा, तेवढ्यात माझं एक पान होतं."

"आणि रस्ता चुकलीस की तीन पानं वाया जातात."

बरं, मांडलं. लिहिलं. रंगात आली. एक तास पंचवीस मिनिटं झाली आणि मुंजाजींनी हात पुढं करून वहीच उचलली.

"बाबा, एक ओळ राहिली. एकच."

"वेळ झाली."

"अहो, शेवटची ओळ आहे. तीच तर चांगली आहे."

"दुसरा निबंध घे."

पेन फेकलं पोरीनं. उठून आत गेली. दोन दिवस बापलेकीचं बोलणं नाही. घरात दोनच माणसं, आणि दोघंही भिंतीशी बोलतायत. तिसऱ्या दिवशी जेवताना मुंजाजींनी तोंड उघडलं.

म्हणाले, "नोकरीत असताना एकदा मी गाडी थांबवली होती. एक म्हातारा लांबून पळत येत होता, पाय ओढत. मला दया आली. त्याला चढवलं, त्याचं गाठोडं राहिलं होतं तेही आणवलं. बारा मिनिटं गेली. सगळ्यांनी मला चांगलं म्हटलं. मलाही बरं वाटलं. आठ दिवसांनी एक बाई खिडकीशी आली. म्हणाली, त्या दिवशी मी पुढच्या फाट्यावर सासूला घेऊन उभी होते, परभणीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तुमची गाडी उशिरा आली, तिला जोडून असलेली परभणीची गाडी निघून गेली. संध्याकाळपर्यंत रस्त्यावर बसलो. सासू वाचली, पण तिचा एक डोळा गेला. मी म्हणालो, बाई, एका म्हाताऱ्यासाठी थांबलो होतो. तर ती म्हणाली, तो तुम्हाला दिसला. मी कुठं दिसले?"

मंडळी, पोरीनं हातातला घास ताटात ठेवला.

मुंजाजी म्हणाले, "जे समोर आहे त्याच्यावर माया करायला अक्कल लागत नाही, लेकरा. जे अजून दिसत नाही, त्याचा वाटा राखून ठेवावा लागतो."

पुढं अकरा महिने, दर रविवारी, नऊ ते बारा. चिडली, रडली, पण वही सोडायला शिकली. आधी बापाला ओढून घ्यावी लागायची. मग नुसतं खाकरलं तरी पुरायचं.

आणि आला तो दिवस. मुंबई. मुंजाजी सोबत गेलेले, पण फाटकाबाहेर. आत ही एकटी. नऊच्या ठोक्याला पेपर हातात. पहिला विषय वाचला. विषय काय? आजाऱ्याकडं सगळे बघतात, सेवा करणाऱ्याकडं कोण बघतं?

चार वर्षं! कोणी पुस्तकात वाचून लिहील, ही तर जगून आलेली. आजूबाजूला सगळ्यांची पेनं पळायला लागली. कागदांचा तो आवाज. ही मात्र बसलीय. मागच्या पानावर आराखडा मांडतेय. पंधरा मिनिटं कोरं पान समोर ठेवून बसणं सोपं नसतं मंडळी. करून बघा. मन म्हणतं, सगळे पुढं गेले, तू राहिलीस.

मग लिहायला लागली. घराघरात राबणाऱ्या बायका, दवाखान्यातल्या परिचारिका, सरकारनं काय करावं, समाजानं काय करावं. आणि आई? आईला तिनं शेवटासाठी राखून ठेवलं होतं. एक सकाळ होती. आईची वाचा गेलेली. वैजयंता वेणी घालत होती आणि आईनं आपला चांगला हात मागं नेऊन लेकीच्या गुडघ्यावर ठेवला. नुसता ठेवला. तेवढंच लिहायचं होतं. जोर लावला असता तर दोन पानं. तपासणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

घड्याळात बघितलं. दहा पंचवीस.

आता वही ओढायला बाप नाही. खाकरायलाही कोणी नाही. पेन कागदावर टेकलेलं आणि पुढचा शब्द 'आई'. सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी तर लिहिलं असतं. खोटं कशाला बोलू.

तिनं पेन उचललं. डोळे मिटले. मग तीन ओळींत समारोप केला, नेमका, कोरडा. खाली रेघ मारली. पान उलटलं आणि दुसरा विषय वाचला. आकडेवारी आणि सत्य यांचा संबंध. रुक्ष. ना नदी, ना आई. पण हातात एक तास पस्तीस मिनिटं होती. आराखडा मांडला, लिहिला, शेवट केला. सात मिनिटं उरली, त्यात चुका सुधारल्या.

बारा वाजता बाहेर आली. फाटकाजवळच्या झाडाखाली मुंजाजी डबा घेऊन बसलेले. बापाला बघितलं आणि ती शेजारी जाऊन बसली.

"दोन्ही झाले, बाबा. वेळेत झाले." आणि रडायलाच लागली. "पण आई राहिली. आई लिहायची राहिली."

मुंजाजींनी तिला जवळ ओढलं. डबा उघडला. पोळीचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला. म्हणाले, "सगळ्यांचं उरकल्याशिवाय तुझ्या आईनं कधी स्वतःचं ताट वाढून घेतलेलं पाहिलंस? तिला माहीत असायचं, कोणाचं आधी. ती नाही रुसायची."

निबंधात एकशे एकेचाळीस आले. यादीत नाव लागलं, बरंच खाली लागलं. कलेक्टर नाही झाली. टपाल खात्यात अधिकारी झाली, दूर ईशान्येकडं. मला ती भेटली तेव्हा मी विचारलं, ताई, आईचं ते दोन पानांचं लिहिलं असतं तर? ती म्हणाली, "महाराज, सुंदर झालं असतं. आणि मी घरी असते."

आता तुमच्याकडं वळतो. आपल्याला सगळ्यांनाच एक निबंध आवडीचा मिळतो. कोणाला दुकान, कोणाला राजकारण, कोणाला लेकराचं करिअर. वाईट आहे का? मुळीच नाही. म्हणूनच सुटत नाही. पान भरतच जातं, आणि बाजूला दुसरा निबंध कोरा पडलेला असतो, सव्वाशे गुणांचा. कोणी म्हातारी आई असेल, कोणी अबोला धरलेला भाऊ. स्वतःचं शरीर असेल. देवाचं नाव असेल.

तुम्हालाच कशाला बोलू? सव्वीस वर्षं मी गावोगाव कीर्तनं करतोय. पहिला निबंध माझा फार रंगला, टाळ्या मिळाल्या, हार मिळाले. काल बायकोला फोन केला, म्हणालो, आणखी चार दिवस लागतील, फलटणचं बोलावणं आलंय. ती म्हणाली, "या सावकाश. मला आता सवय झालीय." हे ती रागानं म्हणाली असती तर मी झोपलो असतो. ती शांतपणे म्हणाली.

फलटणकरांना मी सकाळीच 'येत नाही' म्हणून कळवलंय. इथून पहिली गाडी घराकडची.

तुमच्या घड्याळात किती वाजलेत, ते मी विचारत नाही. तुम्ही बघा.