युसूफभाईंचा पाचवा चहा

“ट्रॅक्टर सुरू झाला की लगेच विकून टाकतो...” समोरचे विठ्ठलराव फोनवर एवढं बोलले आणि नेमकी माझ्या कुकरची शिट्टी झाली. पुढचं ऐकायलाच मिळालं नाही हो!

आमच्या नल्लकुंटा वस्तीत कंबरेएवढं पाणी भरलं होतं, तेव्हा माझ्या सुनेला बाळंतपणासाठी दवाखान्यात याच ट्रॅक्टरनं पोचवलं होतं. तो विकायचा?

मी ठरवलं, सुरूच होऊ द्यायचा नाही. मिस्त्री युसूफभाई समोरच्या अंगणात इंजिन उघडून बसले की मी चहा घेऊन हजर. सोबत मुलाबाळांची चौकशी. शेवटी ते हात जोडून म्हणाले, “भाबी, मेरे कू चार चाय हो गए. अब ट्रॅक्टर कू बी डिझेल पीने देव!”

आणि मेला झाला ना सुरू! माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर काळा धूर सोडत सुरू झाला. मला रडूच फुटलं.

“काय झालं वैनी?” विठ्ठलरावांनी विचारलं.

“विकू नका हो, भाऊजी.”

“ट्रॅक्टर? अहो, ट्रॉली विकतोय, पार सडली. ती ओढून पोचवायला हा सुरू नको?”

“पण सून तर ट्रॉलीतच बसली होती!”

“आणि ओढलं कुणी?” म्हणत विठ्ठलरावांनी चाकाखाली लिंबू ठेवलं.

मी डोळे पुसले आणि युसूफभाईंना पाचवा चहा दिला. हा मात्र मनापासून.