आठवल्यानंतरचे फुटाणे

मंठ्याच्या अड्ड्यावर साखराबाई जालन्याच्या मोटारीची वाट पाहत बसली होती. लेकीची कूस उजवावी म्हणून धरलेल्या सोळा सोमवारांतला आज शेवटचा. पदरात जावयासाठी बांधलेले फुटाणे होते. त्यांतले काही तिनं नकळत तोंडात टाकले. तेवढ्यात बाकावर शेजारी बसलेल्या दोघींचं, कुराण शिकवणाऱ्या उस्तानीबीचं अन् तिच्यासोबतच्या बाईचं, बोलणं कानी पडलं. रमजानचे दिवस होते.

"उस्तानीबी, सकाळी अंगण झाडलं अन् घटाघटा पाणी पेले. माझा रोजा गेला का?"

"रोज्याची याद होती?"

"बिलकुल न्हाई. तांब्या रिकामा झाल्यावर आली."

"मंग रोजा बराबर हाय. भुलून पेलीस, ते अल्लानं पाजलं."

"खरंच भुलले, हे तुमी कसं वळखलं?"

"म्या कुठं वळखलं? मला किताब येते. तुझं मन त्यालाच ठावं. मी तीस वर्षं पोरींना शिकवून राह्यले, पण भुलून एक घोट पोटात जाईल तर शपथ! माझ्या भुकेची याद लई पक्की."

साखराबाईला राहवलं नाही.

"उस्तानीबी, माझा सोमवार हाय. भुलून फुटाणे खाल्ले."

"तुमची पोथी मला येत न्हाई, बाई. पण आठवल्यावर थुंकले ना?"

"न्हाई... तुमचं बोलणं संपूस्तोर चावत राह्यले."

"मंग ते तुमीच खाल्ले."

"म्हंजे उद्यापन आठ दिवस पुढं गेलं."

"जाऊ द्या. अन् ती पदराची गाठ जरा पल्याड घ्या. वास येऊन राह्यलाय, अन् आमचा रोजा अजून बाकी हाय."