चाल बघायची हाय

काय सांगू तुम्हाला, मी मूळचा नांदगावचा, पन पोट भरलं ते नाशकानं. चुलता पंचवटीत बँडात होता, त्यानं मला उचलून आनला आनि हातात क्लॅरनेट दिलं, तवापासून त्याच बँडात हाय. लोकांच्या लग्नात मी लय चाललोय. माझ्या लग्नात मला घोड्यावर बसवलं तर करमंनाच, म्हनलं उतरतो न् वाजवतो, सासरे म्हने गप बसा जावई, लोक काय म्हनतील.

तर ते नव्वदच्या पुढचं साल आसंल, पाय जड व्हायला लागले. वरातीत काय नाय, वाजवत वाजवत बरोबर पाऊल पडायचं, पन वरात संपली, वाजाप थांबलं का पायात पाय. चप्पल निसटून मागं राहायची आनि मला पत्ता नाय. आता बँडवाला, लग्नावरून आलेला, गल्लीतून झोकांड्या खात चाललाय, लोकांनी काय समजायचं? आनि मी माळकरी मानूस, सुपारीसुदिक खात नाय. पन सुमन, माझी बायको, दारातच तोंडाचा वास घ्यायची. म्हनायची वास तर येत नाय, मंग कोनती घेता? मंग बोटं पन ऐकंनात, सूर चुकायला लागले, शर्टाची बटनं तीच लावून द्यायची, लावता लावता शिव्या. मालक म्हने, पुढच्या सीझनला दुसरा मानूस बघतो. बँडातून काढलं तर मी कोन?

शेवटी सुमननंच मोठ्या दवाखान्यात नेलं, दारू सोडवायला म्हनून. तिथं एक तरनी डॉक्टरीन म्याडम, त्या म्हनल्या काका, आधी तुमची चाल बघायचीय. मी म्हनलं कोनती? त्या म्हनल्या नेहमीची. मला वाटलं दवाखान्यात आपली देवाची बरी, आनि बसल्या बसल्या भजनाची एक चाल धरली, चांगली वरच्या पट्टीत. बाहेरच्या बाकड्यावरचे पेशंट आत डोकावले, सुमननं पदर तोंडाला लावला. म्याडम इतक्या हसल्या का डोळे पुसले. म्हनल्या आहो काका, पायाची चाल.

मंग चाललो, पन तोंडातल्या तोंडात वरातीचा ठेका धरला, त्यामुळं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलो झ्याक. म्याडमनी माझ्या ओठांकडं बघितलं. म्हनल्या आता गुनगुनू नका, गप चाला, या रेघेवर, एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत. झालं, तिथं माझं पितळ उघडं पडलं. दोन पावलांत म्याडमच्याच अंगावर गेलो. मंग फोटो काढले, तपासन्या झाल्या, आनि त्यांनी समजावलं का मानेच्या मनक्यात मोठी शीर दाबली गेलीय, डोक्याचा निरोप हातापायाला पोचत नाय. ऑपरेशन लागंल. आहे ते वाचंल, गेलेलं किती येतं ते आत्ता सांगता येत नाय.

सुमननं विचारलं, म्हंजे हे पीत नव्हते? म्याडम म्हनल्या, नाय हो. आनि ही सगळ्यांसमोर माझा हात धरून रडायला लागली. ऑपरेशनचं भ्या राहिलं बाजूला, मला आसा आनंद झाला म्हनून सांगू, का दवाखान्यातच पेढे वाटावं वाटलं.

ऑपरेशन झालं, मानेला पट्टा बसला. मंग सकाळी सकाळी गल्लीत चालायची प्रॅक्टिस, सुमन बाजूला, जरा गुनगुनलो का कोपर मारायची. दवाखान्यात पुन्हा रेघेवर उभं केलं तवा तोंड मिटून गेलो, वळताना थोडा हाललो, पन गेलो. म्याडमनीच टाळ्या वाजवल्या. बोटं पुरती आली नाय, क्लॅरनेट सुटलं. मालक म्हने खुळखुळे घे, पुढं चाल, तुझ्याबिगर बँड ओका दिसतो. क्लॅरनेटचं वाईट वाटतं कधी कधी, खोटं कशाला बोलू. पन खुळखुळ्यालाबी मान हाय.

परवा उन्हाळ्यात पोरीचं लग्न झालं. आमचाच बँड, फुकट वाजवला पोरांनी. पाठवनीची वेळ आली, मांडवापासून गाडीपर्यंत तिला न्यायचं होतं. पोरगी म्हनली आबा, माझा हात धरून चाला, पडाल. मी बँडाला हात केला, म्हनलं थांबवा रे. सगळं शांत झालं. मंग मी तिचा हात धरला आनि ठेक्याबिगर, सरळ गाडीपर्यंत गेलो. कुनाला काय कळलं नाय, लोकांना वाटलं बापाला रडू आलं म्हनून वाजाप थांबवलं. सुमनला तेवढं कळलं. तुमचेबी पाय आसेच चालते राहोत, दुसरं काय मागू.