एमआयडीसीतला पेंढारी

‘पेंढारी’ शब्दापायी आमच्या दत्तूची नोकरीच जायची, सांगतो. पंच्याण्णव साली आमी दोघं बारामती एमआयडीसीत कंत्राटावर होतो. सुपरवायझर त्याला पेंढारी म्हणाला.

सुट्टी झाल्यावर टपरीवर रिटायर मास्तर भेटले. दत्तू म्हणाला, "मास्तर, शिवी असंल तर उद्या त्याची कॉलर धरतो."

"शिवी कसली? पेंढाऱ्याचा घोडा स्वतःचा, मराठ्यांच्या फौजेच्या मागं पळायचं, पण फौजेत नाव न्हाय. पगाराऐवजी लूट. शब्द कुठनं आला, नक्की न्हाय. कुणी म्हणतं, रानातल्या पेंढ्याबी सोडत नव्हते, म्हणून पेंढारी."

दत्तूनं चहा संपवला.

"गाडी माझी, पेट्रोल माझं, कंपनीच्या पटावर नाव न्हाय. समदं जुळतंय मास्तर. पण म्हशीला कडब्याच्या पेंढ्या मी इकत नेतोय."