नावेची झूल

बायांनो, आमच्या सोसायटीच्या चेअरमननं ऐन दुष्काळात शिडाची नाव आणलती, हे म्या सांगितलं का? तलावाच्या भेगांत पाय जात हुता, अन् ह्याला हौस आलती नावेतनं सैर करायची. सोसायटीच्याच चारा छावणीतल्या जनावरांच्या सावलीसाठी आलेलं जाड कॅनव्हास त्यानं माझ्या शिलाई मशीनपुढं टाकलं.

"अक्का, नावेला झूल शिव. बसायच्या जागेवर बैलगाडीवानी टप कर. पाणी ठिबकाया नको."

"पाणी? कुठलं वो, साहेब?"

"आगं, उन्हानं बी लाकूड तडकतं. लई नाजूक असती ती."

माझी गाय छावणीत उन्हानं जीभ काढून पडलती. ती काय लोखंडाची हुती? म्या झूल शिवली. साहेब झूल न्यायला छावणीत आले, तर म्या तिचा मांडव जनावरांवर ताणलेला अन् गाय खाली रवंथ करतीय.

"माझ्या नावेची झूल हितं कशापायी?"

"नावेला ऊन लागत असंल तर तिला बी आणा. दावं मी देते, गाईशेजारी बांधू. चारा मातर मागू नका, तो तुमालाच पुरना झालाय."