एका पुस्तकाला एक हरकत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या हुडकेश्वर परिसर वाचनालयाचे ज्येष्ठ विश्वस्त माननीय नानाजी हेडाऊ, प्रमुख पाहुणे आणि आज प्रकाशित झालेल्या गौरवपुस्तिकेचे लेखक प्राचार्य भूपेश पराते सर, सत्कारमूर्ती आणि आज निवृत्त होणाऱ्या आपल्या ग्रंथपाल आदरणीय पंचफुलाबाई धकाते, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, व्यासपीठावर बसायला नकार देऊन मागच्या रांगेत पंख्याखाली जागा धरलेले बाईंचे यजमान सुशीलभाऊ, आणि समोर बसलेल्या वाचक बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी प्रणाली सोरते. शाळेत असल्यापासून या वाचनालयाची सभासद आहे. सूत्रसंचालक ऋषिकेशनं मला विषय दिला आहे, ‘इतिहास आणि चरित्रं वाचताना एका विद्यार्थिनीची बदलत गेलेली मतं’. वेळ मात्र इतका थोडा दिला आहे की मतं बदलायच्या आत खाली बसावं लागेल. तेव्हा नानाजी, मी जरा जास्त बोलले तर घड्याळाकडे पाहू नका, बाईंकडे पाहा.

आमचं घर मूळचं उमरेडचं, विणकरांचं. आजोबांपर्यंत घरात माग चालत होता. बाबा बुटीबोरीला कारखान्यात लागले आणि आम्ही इकडे हुडकेश्वरला राहायला आलो. नवीन वस्ती, ओळखीचं कुणी नाही. आईनं मला वाचनालयात आणून सोडलं, कारण तिथं बाई बसतात एवढं तिला कळलं होतं. मी कपाटातून एक जाडजूड चरित्र काढलं. काहून काढलं म्हणाल, तर त्याच्यावर तलवारीचं चित्र होतं.

पुस्तक वाचून परत करायला गेले. बाईंच्या हातात शिक्का होता, पण तो काही खाली येईना. त्यांनी विचारलं, “हरकत कोन्ती आणली?”

नव्या सभासदांसाठी सांगते. आपल्या वाचनालयाच्या पाटीवर हा नियम लिहिलेला नाही, पण तो सगळ्यांना माहीत आहे. इतिहास किंवा चरित्र परत करताना बाईंना त्या पुस्तकावरची एक हरकत सांगावी लागते. न पटलेली एक गोष्ट. ती सांगितली की शिक्का बसतो आणि पुढचं पुस्तक मिळतं. हरकत एकच. दोन आणल्या तर बाई म्हणतात, त्यातली खरी कोणती ते घरी जाऊन ठरव आणि मग ये.

मी म्हणाले, माझी काहीच हरकत नाही, सगळं आवडलं. बाई म्हणाल्या, “काहून वं, सगळंच पटलं तुले? मंग तू वाचलं नाई, फक्त पाया पडली.” आणि तेच पुस्तक पुन्हा माझ्या हातात दिलं.

मला रडू आलं होतं. पण वाचलं पुन्हा. तेव्हा मला चरित्रातली माणसं देवासारखी वाटायची. लहानपणी कधी खोटं बोलली नाहीत, गणितात नापास झाली नाहीत, पाळण्यातच त्यांचे पाय दिसले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की या एवढ्या मोठ्या माणसाला लहानपणी एकदाही मार बसलेला नाही. मी तीच हरकत घेऊन गेले. बाई हसल्या नाहीत. “बरोबर हाये,” म्हणाल्या आणि शिक्का मारला. त्या शिक्क्याच्या आवाजानं मला जेवढा आनंद झाला तेवढा पुढे दहावीच्या निकालानंही झाला नाही. बाबा समोर बसले आहेत, त्यांना निकाल आठवत असेलच.

पुढे कॉलेजात गेले आणि सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी झालेल्या लढाईवरची दोन पुस्तकं हाती लागली. एकात आपले लोक शर्थीनं लढून हरले होते. दुसऱ्यात लढाई मोडून पळाले होते. टेकडी तीच. मला भयंकर राग आला. आपण इतकी वर्षं जे मनोभावे वाचलं ते कुणीतरी रचून सांगितलं की काय, असं वाटून मी दोन्ही पुस्तकं काउंटरवर आदळली आणि म्हणाले की माझी हरकत सगळ्या इतिहासावर आहे, आता वाचणारच नाही.

बाई शांतपणे डब्यातली भाजी संपवत होत्या. म्हणाल्या, “दोन शेजारणी भांडल्या तर तू काय करतेस? एकीचं आयकून घरी जातेस, का कान बंद करून जातेस?” मी म्हणाले, दोघींचं ऐकते. “मंग तिसरीलेही विचार,” म्हणाल्या आणि त्याच लढाईवरचं तिसरं पुस्तक पुढे केलं. त्या दिवसापासून मी इतिहास वाचायला लागले. त्याआधी मी फक्त पाठ करत होते.

मग नजर हळूहळू वेगळीकडे जाऊ लागली. चरित्र चारशे पानांचं असायचं आणि त्यात एक वाक्य हमखास भेटायचं, ‘पत्नीने मोलाची साथ दिली.’ झालं. त्या बाईनं जन्मभर घर ओढलं आणि हाती आलं एक वाक्य. कुठे राजानं कवीला भरजरी शेला दिलेला असायचा. कवीचं नाव असायचं, राजाचं तर असायचंच. शेला विणला कुणी? मी विणकराची नात आहे, मला हा प्रश्न पडणारच. बाबांना म्हणाले, मी आपल्या लोकांचा इतिहास लिहीन. बाबा म्हणाले, “आपल्यातलं कोन छापते, बेटा? आधी नोकरी पाह्य.” त्यांचंही चुकलं नव्हतं.

म्हणून मी नोकरी पाहिली, म्हणजे स्पर्धा परीक्षेला बसले. आपल्या नागपुरात अभ्यासिकांची काय कमी? वातानुकूलित कॅबिन, डोळ्यांसमोर फळी, दोन्ही बाजूंना फळ्या. तिथंही मी इतिहासच वाचत होते बरं का. पण कसा? जन्म, मृत्यू, टोपणनाव, स्थापन केलेली संस्था. जी माणसं वाचून मी कधी रडले, कधी भांडले, ती सगळी एकेका ओळीत येऊन बसली. आणि हरकतीची सोयच नव्हती. चार पर्यायांतून एक निवडायचा, पाचवा सुचला तरी गप्प बसायचं. एक दिवस एका समाजसुधारकाचं नाव वाचलं आणि त्या माणसाचा चेहराच आठवेना. मला फार वाईट वाटलं. उठले आणि सरळ बाईंकडे आले. आज मी इतिहासात एम.ए. करते आहे, आणि उमरेडच्या विणकर घरांतून जाऊन बोलणं टिपून घेते आहे. बाबांनी मला गाडीवर नेऊन सोडायला सुरुवात केली आहे, यावरून त्यांचं मत ओळखा.

आता मी आजच्या पुस्तिकेकडे येते. पंचफुलाबाईंचं हे छोटं चरित्र दारातच सर्वांना मिळालं आहे. स्वागताची भाषणं सुरू असताना मी ते वाचून काढलं. वक्त्यांनी राग मानू नये, सवय बाईंनीच लावली आहे. सर, भाषा फार सुंदर आहे. वाचताना दोनदा डोळ्यांत पाणी आलं. पण चरित्र वाचलं म्हणजे हरकत आली. आणि पंचाईत अशी की मला एकीऐवजी तीन सापडल्या आहेत.

पहिल्याच पानावर लिहिलं आहे, ‘बाईंना बालपणापासूनच ग्रंथांची अनावर ओढ होती.’ बाई आम्हाला स्वतः सांगत आल्या आहेत की त्यांना नर्स व्हायचं होतं. ते जमलं नाही, घराजवळ वाचनालयाची जागा निघाली म्हणून त्या आल्या, आणि सुरुवातीला पुस्तकांवरची धूळ पाहून त्यांना शिंका यायच्या. मला ही शिंकणारी बाई जास्त मोठी वाटते. ओढ नसताना आल्या आणि तरी आम्हा सगळ्यांना ओढून नेलं.

तिसऱ्या पानावर आहे, ‘पती श्री. सुशील यांनी मोलाची साथ दिली.’ हसू नका, मीही हसले. फाटलेलं प्रत्येक पुस्तक रविवारी अंगणात बसून शिवणारा माणूस, खळ लावून पुठ्ठे चढवणारा, आणि शेवटी त्यालाही तेच एक वाक्य. सुशीलभाऊ, चारशे पानांच्या चरित्रांतल्या सगळ्या बायका आज तुमच्या शेजारी बसल्या आहेत असं समजा.

पण नियम एकाच हरकतीचा आहे. खरी कोणती ते ठरवायला पाहिजे. म्हणून या दोन्ही मी सोडून देते आणि शेवटच्या पानावर येते.

तिथं लिहिलं आहे, ‘बाईंच्या निवृत्तीबरोबर या ग्रंथालयाचे पर्व संपले असून ही वास्तू आता आधुनिक अभ्यासिका म्हणून नव्या पिढीच्या सेवेत रुजू झाली आहे.’

सर, ‘संपले’? ‘झाली आहे’? बाई अजून इथं बसल्या आहेत. पुस्तकं अजून कपाटांत आहेत. कपाटं हलवायची, पुस्तकं पोत्यांत भरून गोदामात ठेवायची, असा विश्वस्तांचा विचार आहे, हे आम्ही ऐकलं आहे. पण विचार म्हणजे घटना नव्हे. मी लढाईची तीन-तीन पुस्तकं वाचली, पण लढाई व्हायच्या आधी निकाल छापलेलं पुस्तक मी आज पहिल्यांदा पाहिलं. ही माझी हरकत.

नानाजी, तुमच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. अभ्यासिका हवी आहे, मुलांना घरी जागा नसते, माझी स्वतःची वर्षं तिथं गेली आहेत. मागच्या खोलीत कॅबिन करा, मी स्वतः फळ्या उचलू लागते. पण समोरच्या खोलीतली कपाटं हलणार नाहीत. आपल्या वाचनालयाच्या घटनेप्रमाणे सभासदांच्या सभेशिवाय ग्रंथसंग्रह हलवता येत नाही, आणि अशी सभा अजून झालेली नाही. या सभागृहात निम्म्याहून जास्त लोक सभासद आहेत. सभा बोलवा, आम्ही सगळे येऊ, आणि हरकत घेऊनच येऊ.

बाई आम्हाला असंही सांगायच्या, “हरकत घेतली म्हंजे काम संपलं नाई. पुढं काय करशील ते सांग.” तेव्हा सांगते. नवा ग्रंथपाल मिळेपर्यंत रोज संध्याकाळी पाच ते आठ मी काउंटरवर बसेन. माझ्यासोबत देवकी आणि नूपुर आहेत, त्याही बाईंच्याच हाताखालून गेलेल्या. पुस्तकं शिवायला सुशीलभाऊंनी होकार दिला आहे. तो मघाशी पंख्याखालीच मिळवला.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर ‘किल्ली सुपूर्द करणे’ असं लिहिलं आहे. बाई, तुम्ही किल्ली अध्यक्षांनाच द्या, मान त्यांचा आहे. नानाजी, उद्या साडेचार वाजता मी ती घ्यायला तुमच्या दारात उभी असेन.

बाई, तुम्हाला मी निरोप देणार नाही. तुम्ही मला वाचायला शिकवलं, आणि जे वाचलं त्याला घाबरायचं नाही हेही शिकवलं. माझं तुमच्यावर फार प्रेम आहे, ते आज सर्वांसमोर सांगून टाकते.

आयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलं, याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. वडीलधाऱ्यांना कुठे शब्द लागला असेल तर घरातली पोर समजून पोटात घालावा. मात्र माझं म्हणणंच ज्यांना पटलं नसेल त्यांनी मला माफ करू नये. त्यांनी उद्या संध्याकाळी वाचनालयात यावं आणि हरकत सांगावी. एकच आणा. शिक्का घेऊन मी बसलेली असेन.